भात्याच्या आतला कागद

दादा,

वयाने मोठा आहेस, म्हणून नमस्कार.

सोमवारी चर्चच्या ऑर्गनचा मोठा भाता उघडला. बारा वर्षांपूर्वी बाबा आजारी असताना तू एकट्याने त्याला नवं चामडं बसवलं होतंस, निदान आम्हाला तसं सांगितलं होतंस. आत जुनंच चामडं निघालं. फाटलेल्या घड्यांवर कापडाच्या पट्ट्या डकवून वरून काळा रंग फासलेला. रंग तेवढा छान लावलायस.

बाबा बरे होऊन आले आणि ऐकताक्षणी म्हणाले, "याला दम पुरत नाहीये, खालचे सूर उतरतायत." तू हसलास. "बाबा, ऑर्गन ठणठणीत आहे, तुमचे कान गेलेत." मीही मान डोलावली.

चाळीस वर्षं सूर लावणाऱ्या माणसाने त्याच दिवशी हत्यारांची पेटी माझ्याकडे दिली. शेवटी शेवटी तर कुणी काही बोललं की ते आधी आईकडे बघायचे, आपल्याला बरोबर ऐकू आलं ना म्हणून.

आज नवं चामडं बसवतेय. हवा निसटू नये म्हणून आपण सांध्यांवर आतून रद्दी चिकटवतो ना, तिथेच हे पत्र सरस लावून चिकटवणार आहे. तुला पाठवलं तर तू पुन्हा हसशील. पुढे कधीतरी भाता उघडणाऱ्या अनोळखी माणसाला तरी कळू दे, की बाबांना शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं.

तुझी री ओढणारी,
धाकटी