गोट्याचं गुरगुरणं

२ फेब्रुवारी
गोट्या आज दहा महिन्यांचा झाला. आजपासून रोज नोंद. तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लॉगबुकशिवाय मशीनचं दुखणं कळत नाही, तर कुत्र्याचं काय कळणार? घरात त्याला ओळखणारा मी एकटाच. बायकोची अट पहिल्या दिवसापासून आहे: कुत्रा चिमणीला चावला, त्या दिवशी कुत्रा घराबाहेर. आमची लेक चिमणी आठ वर्षांची, आणि दिवसभर त्याच्या अंगाखांद्यावर. अट मान्य केली आहे. वेळच येणार नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
मैदान. शेजारच्या रिटायर्ड बाईंची म्हातारी कुत्री मागून आली, गोट्याच्या कमरेवर पाय ठेवला. गोट्या गर्रकन वळला आणि दात विचकून तिच्यावर धावला. परवापर्यंत दोघं एकत्र लोळत होती. निदान: वयात येतोय. दादागिरी. उपाय: रोज किमान पाच कुत्र्यांची भेट.
बाई म्हणाल्या, त्याला कुठे दुखत तर नसेल? मला हसू आलं. दुखलं असतं तर ओरडला नसता का?

७ फेब्रुवारी
सोफ्यावर उडी मारणं बंद! 'खाली, खाली' करून चार महिने घसा कोरडा केला, त्याचं फळ. बायको म्हणते, त्याने पुढचे पाय वर ठेवले होते, मग काढून घेतले. म्हणजे विचार केला. शिस्त म्हणतात ती हीच.

९ फेब्रुवारी
पाच कुत्री झाली नाहीत. दोन झाली. तिसऱ्याच्या मालकाने काठी उगारली, तीही माझ्यावर. सोशलायझेशन लोकांच्या डोक्यावरून जातं.

१० फेब्रुवारी
बाईंची शंका डोक्यातून जाईना, म्हणून स्वतः इन्स्पेक्शन केलं. पाठ, पोट, चारही पाय दाबून पाहिले. मागच्या उजव्या पायाशी हात गेला तेव्हा त्याने ओठ चाटले, जांभई दिली, तोंड फिरवलं. कंटाळला. आवाज शून्य. शेरा: तब्येत ठणठणीत.

१३ फेब्रुवारी
जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबतो. आधी धडाधड उतरायचा. पोक्तपणा आला. मला यायला पस्तीस वर्षं लागली. बायकोच्या मते अजून यायचाय.

१५ फेब्रुवारी
गुरगुरला. माझ्यावर! मी नुसती कंबर पुसत होतो. नाकासमोर बोट धरून 'चूप!' म्हणून ओरडलो. ठराव: या घरात गुरगुरणं खपवून घेतलं जाणार नाही. दर वेळी 'चूप' आणि तासभर एकटा बाल्कनीत.

१६ फेब्रुवारी
कामावर डोकं फिरलं. एका बिल्डिंगमध्ये ओव्हरलोडचा बझर सारखा वाजतो म्हणून वॉचमनने वायरच कापून टाकलेली. दहा-दहा माणसं कोंबून लिफ्ट चालू. सेक्रेटरीला झाप झाप झापलं. म्हटलं, अहो, आवाज बंद केला म्हणून वजन कमी झालं का? कशी माणसं असतात एकेक!
गोट्याला आज तीनदा 'चूप'.

१९ फेब्रुवारी
फक्त एकदा.

२२ फेब्रुवारी
गुरगुरणं पूर्ण बंद. सात दिवसांत! चिमणी त्याच्या कमरेवर डोकं टेकून पुस्तक वाचत होती, तरी हूं नाही की चूं नाही. नुसता भिंतीकडे बघत होता, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, अंग जराही हलत नव्हतं. फोटो काढला. चिमणी म्हणाली, बाबा, हा श्वास धरून बसलाय. मुलांना काय वाट्टेल ते सुचतं.

२४ फेब्रुवारी
मैदानात बाईंनी कुत्री लांबूनच वळवली. हाक मारली तर म्हणाल्या, आधी तो सांगायचा तरी. आता काहीच सांगत नाही, मला भीती वाटते त्याची. मत्सर, दुसरं काय.
ठराव: रविवारी चिमणीच्या तीन मैत्रिणींना घरी बोलवायचं. गोट्याच्या शिस्तीचा डेमो. बायको नको म्हणत होती. काही होणार नाही, असा मी शब्द दिला आहे.

२८ फेब्रुवारी, सकाळी ९
डेमोची तयारी. गोट्या अंथरुणावरून उठेना, मीच उचलून उभा केला. शेपटी पायांत. नम्रपणा वाढला आहे.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४
चिमणीच्या हाताला सहा टाके.
मैत्रिणी यायच्या होत्या अजून. तिने मागून मिठी मारली, रोजच्यासारखी. गुरगुर नाही, काही नाही. किंचाळली ती चिमणीच.
गोट्या पलंगाखाली आहे.

१ मार्च
देऊन टाकण्याआधी एकदा दाखवू, असं बायकोनेच ठरवलं. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. उजव्या खुब्याचा सांधा नीट बसलेलाच नाही. वाढता जीव, हाडावर हाड घासतंय. म्हणाल्या, कुत्री दुखणं लपवतात, ओरडतात ती अगदी शेवटी. म्हणून मागून कोणी आलं की त्याला धडकी भरायची. कधीपासून होतंय, विचारलं. मी म्हटलं, परवापर्यंत ठणठणीत होता. बायकोने पर्समधून ही वही काढून त्यांच्यापुढे ठेवली.
त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. सात तारखेला उडी बंद, तेराला जिना, सगळं केसपेपरवर उतरवून घेतलं. पंधराच्या पानाशी पेन थांबलं. पुढचं नुसतंच वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
ऑपरेशन होईल. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, कुत्रा कुठेही जाणार नाही. घराबाहेर कोणाला काढायचं, ते ती अजून ठरवतेय.

९ मार्च
गोट्या ऑपरेशन होऊन घरी आला. चिमणी पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून दारातच उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, ये गं, आता तो काही करणार नाही, मी सांगतो ना.
ती म्हणाली, बाबा, तू नको सांगूस. त्याला सांगू दे.