जोडवळणाचं माप

३ जून
आज रुजू झाले. रूळ देखभालीची कनिष्ठ अभियंता! मोर्शीहून आईनं दिलेला संत्रा बर्फीचा डबा गँगच्या लोकांनी दुपारीच संपवला. माझ्याकडे अकोल्याबाहेरचं जोडवळण आलंय. इंजिन न फिरवता गाडी एका लाईनीवरून दुसरीवर नेता यावी म्हणून टाकलेला दीड किलोमीटरचा बाकदार मार्ग. वर्षाला दोन-तीन मालगाड्या जातात. एरवी रुळांवर गंज आणि शेळ्या. मला आवडलं.

५ जून
मदतीला खुशालराव आहेत, निवृत्तीला सात महिने उरलेले. रुळालगत रोवलेल्या खुंट्यांपाशी रुळाला वीस मीटरची दोरी लावायची आणि मधोमध रूळ दोरीपासून किती दूर आहे ते मोजायचं. त्यावरून बाक कळतो. आज सगळी मापं बरोबर आली. वळणाच्या आतल्या बाजूला, वखरलेल्या काळ्या शेतातून एक बुटका बांध जातो. छोट्या लाईनीच्या, म्हणजे मीटर गेजच्या काळी वळण तिथून होतं. तिथले रूळ केव्हाच उचललेत.

८ जून
चौदाव्या खुंटीपाशी रूळ नऊ सेंटीमीटर आत सरकलाय. तीन दिवसांत, एकही गाडी न जाता. ऑफिसात म्हणाले, उन्हानं होतं तसं. अकोल्याचं ऊन, म्हणून पटलंही. पण गंज कुठे गेला? रूळ चकाकतोय.

९ जून
आज सतरा. सरळ त्या बांधाच्या दिशेनं.
खुशालरावांना विचारलं. म्हणाले, जुन्या वळणावर पाच जण खडी भरत होते. तिथे गाडी कधी येतच नसे, म्हणून आवाज येऊनही कोणी मान वर केली नाही. रूळ बदलायचा सांधा चुकीचा लागला होता, गाडी पाचांवरून गेली. पाचांत त्यांचा थोरला भाऊ देवमन होता. पुढे लाईन मोठी झाली आणि वळण इकडे आलं.
“मोजता काहून म्याडम? लाईनीले जिथी जायचं हाय, तिथी थे जातेच.”

११ जून
सकाळी दहा वाजता दोरी लावली. अलीकडचं टोक खुंटीला बांधलं, पलीकडचं खुशालरावांनी धरलं, ताण आला. आकडा लिहून मान वर केली तर खुशालराव माझ्या मागे. पाणी पीत.
दोरी तशीच ताणलेली.
मी खुंटीची गाठ सोडली. दोरी सळसळत गेली, बांधापलीकडे. कोणी तरी ओढून नेली.

१२ जून
मेन लाईनीवर काम निघालंय. उद्या मालगाडी वळणावरून जाणार. मार्ग ठीक असल्याची सही मी दिली नाही. साहेब म्हणाले, नव्या आहात, घाबरता. दुसऱ्यानं सही केली.
खुशालराव कामावर नाहीत. त्यांची सून पौर्णिमा म्हणाली, सकाळीच फावडं घेऊन गेले, अजून—

१३ जून
लाल झेंडा घेऊन वळणावर उभी आहे. गाडी थांबवणार. नोकरी गेली तरी.

९.४० – फोन आला. गाडी रद्द, अकोल्यातच उभी आहे. रडलेच मी.

९.५० – रूळ वाजताहेत.

बांधावर खुशालराव. शेजारी पाच जण. सगळे वाकलेले, फावडी चालू. हाका मारल्या. कोणीच वर बघत नाही—

मी धावत बांधावर गेले. खुशालरावांचा दंड धरलाय, हलत नाहीत. “वाका म्याडम, खडी भरा,” म्हणतात—

जमीन थरथरतेय. पायाखाली काही तरी कडक, गरम— इथे रूळ नाहीत. उचललेत. मी स्वतः पाहि