चिखल्याचं उरलेलं घरटं

४ एप्रिल
दुसरंही घरटं गेलं! घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, त्यात चिखल्या पक्ष्याची वाळूच्याच रंगाची अंडी. काल होती, आज नाहीत. भोवती आम्ही रोवलेल्या लाल झेंड्यांच्या काठ्या मात्र जागच्या जागी. धाकट्या नणंदेने मला या पक्षीराखणीला जुंपलं – आता किनाऱ्यावर उतरायचीच धास्ती वाटते. कोण नेत असेल? माणूस असेल तर तो मलाही बघत असेल.

५ एप्रिल
गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. डोकं ठणठणीत आहे, धीर नाही.

७ एप्रिल
चोर सापडला! झेंड्याच्या काठीवर ऐटीत बसला होता – कावळा. काठी दिसली की खाली अंडी, हे त्याला केव्हाच कळलेलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि दिल्या आम्हीच!

नणंद म्हणाली, "वहिनी, राहिलेल्या घरट्याच्या काठ्या आजच्या आज काढून टाक."

काढल्या. माझ्या पावलांच्या खुणाही फांदीने पुसल्या. तेवढंच एक घरटं उरलंय.

८ एप्रिल
उद्या किनारा झाडणारा ट्रॅक्टर येणार. तो झेंडे बघूनच वळायचा! हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. धावत ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. माणूस भला आहे. "ताई, फक्त जागा दाखवा, मी लांबून नेतो," म्हणाला.

जागा! वाळू सगळीकडे सारखी, मीच पुसून ठेवलेली. नणंद सकाळीच परगावी गेली. हो म्हणून घरी आले.

९ एप्रिल, किनाऱ्यावर
उभ्या उभ्याच लिहितेय. शोधत मधोमध आले, आणि समोर चिखल्याची मादी – पंख मोडल्यासारखी फरफटत, केविलवाणी ओरडत. अंड्यांपाशी शत्रू आला की त्याला लांब न्यायला हे सोंग घेतात. शत्रू म्हणजे मी, आणि अंडी इथेच कुठेतरी, माझ्या पायांशी. ट्रॅक्टरवाल्याला हात केला, तो थांबलाय.

उजवी टाच उचलून बघायला हवी. उचलवत नाही.