पाच घरांची यादी

३ एप्रिल
साताऱ्याहून ताईचा फोन. तिच्या साक्षीचं लग्न पंचवीसला. आष्ट्याच्या पाच घरी अक्षता द्यायचं काम माझ्याकडे. यादी तिनं मानाप्रमाणे सांगितली. पहिले हरिबातात्या. वडलांच्या मागे आम्हाला या चुलत्यांनीच वाढवलं, आणि हातात अक्षता पडल्याशिवाय ते कुणाच्या मांडवात पाय ठेवत नाहीत. रविवारी जाणार. सांगलीहून आष्टा ते कितीसं!

६ एप्रिल
गेलो नाही. कागदावरच्या यादीला शिस्त नसते. ती नोट्सच्या प्रोग्रॅममध्ये घेतली. साधा मजकूर, ओळीपुढे टिंब. एका कमांडमध्ये टिंबांचे आकडे. मग अकारविल्हे सॉर्ट. तात्या शेवटी गेले. त्याला मी काय करणार?

९ एप्रिल
यादी पुन्हा मानाप्रमाणे लावायला स्क्रिप्ट लिहितोय. त्यासाठी रजा घेतली. बायको म्हणाली, एवढ्या रजेत आष्ट्याला जाऊन आला असता. तिला सिस्टीम कळत नाही.

१३ एप्रिल, दुपार
आकड्यांच्या चौकटी केल्या. स्क्रिप्ट जरा चुकली. पाचही चौकटींत टिक. फार शांत वाटलं. तेवढ्यात ताईनं फोनवर विचारलं, तात्यांकडे गेलास का? स्क्रीनकडे बघत म्हणालो, झालं. खोटं नाही. समोर तसंच दिसत होतं.

१४ एप्रिल
जेवण गेलं नाही. चौघांना फोनवर आमंत्रण उरकलं. तात्यांना फोनवर कसं सांगणार? रविवारी नक्की.

२० एप्रिल
ऊन फार. चौकटींचे मथळे केले. तात्यांच्या मथळ्याखाली उपयादी : 'गेल्यावर काय बोलायचं'. ती नीट लागेपर्यंत शेवटची सोयीची एसटी गेली.

२३ एप्रिल, सकाळ
दारात तात्या. टोपी घामानं भिजलेली. ताईनं खात्री करायला त्यांना फोन केला होता म्हणे.
"तिला म्हनलं, व्हय, आला हुता. आता मला खोटं पाडू नगंस लेका. दे आक्षदा."
घरात अक्षता नव्हत्या. बायकोनं तांदळाला कुंकू चोळून दिलं. मी त्यांच्या हातावर ठेवले. ते आल्या पावली स्टँडकडे गेले. 'बसा' म्हणायचं राहिलं. उपयादीत तो मुद्दाच नव्हता.

२५ एप्रिल
लग्न छान झालं. पहिला फेटा तात्यांना. ताईनं चारचौघांत माझं कौतुक केलं : उन्हातान्हात आष्ट्याला जाऊन आला. तात्या मान हलवत होते. मी जिलेबी वाढायला गेलो.

२६ एप्रिल
तात्यांची माफी मागायचीच. नवी फाइल उघडली. एकच ओळ आहे.
टिंब ठेवावं की चौकट, तेवढं ठरलं की निघतो.