झील तेवढी पाठ

आप्पा, मी घरात स्टुडिओ केलाय. हसू नका. स्टुडिओ म्हणजे बावधनच्या फ्लॅटमधली मागची खोली, दाराला आईची जुनी गोधडी टांगलेली, एक माईक, आणि माझ्या ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर. त्याच्यावर लिनक्स घातलं, मग रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. सगळं फुकट, पण मी फुकट म्हणून नाही घेतलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं, आणि परत सगळ्यांसाठी ठेवावं. हे वाचलं आणि मला तुमच्या गायन पार्टीचं गाणं आठवलं. भरे गावातल्या आपल्या वस्तीत नळ आला, त्या वर्षी पार्टीच्या मास्तरांनी रचलेलं. मास्तर पुढं बसून कडवं म्हणायचे, आणि तुम्ही मागं बसून झील धरायचा, ‘व्हय रं, पाणी समद्यांचं, पाणी समद्यांचं.’ ते गाणं रेकॉर्ड करायचं म्हणून हा सगळा खटाटोप. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली आणि तुमचा आवाज कुठंच नाही हो. एक कॅसेटसुद्धा नाही. निदान गाणं तरी पुरं राहावं, एवढंच मनात होतं.

चार रविवार नुसते जुळवाजुळवीत गेले. माईकमध्ये गायलं की हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा यायचा. कॉम्प्युटर आवाज जरासा साठवतो आणि मग पुढं सोडतो. कमी साठव म्हटलं की चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखी तडतड, जास्त साठव म्हटलं की उशीर. मी वैतागून कीबोर्ड आपटला. आई बाहेरून ओरडली, “अगं, मोडशील त्ये! नाकावरचा राग बापाचा न्हाई हां तुझा, माझा हाय!” मग मी मुकाट्यानं परत गायला लागले, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी म्हणत होते ‘पाणी समद्यांचं’, आणि माझ्यामागून कुणीतरी तेच उचलत होतं. बरोबर तेवढ्याच अंतरानं, जेवढ्या अंतरानं तुम्ही मास्तरांना उचलायचा. मी कितीतरी वेळ तशीच गात बसले. पुढच्या रविवारी त्या सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या फोरमवर कुणा परक्या माणसानं एक सेटिंग सांगितलं, मी ते केलं आणि उशीर गेला. एवढी खटपट करून जमलं म्हणून खूश व्हायला पाहिजे होतं. मी चांगली हुंदके देऊन रडले.

मग रेकॉर्डिंग. तालाची टिकटिक लावली, झील म्हटली. तीच परत म्हटली, वर आणखी एकदा, म्हणजे एकटीचीच पार्टी झाली. मग रेकॉर्डिंग मागं आणून कडवं म्हणायला तोंड उघडलं, तर काहीच येईना. एक ओळ नाही. चाल येते, शब्द नाहीत. आईला हाक मारली. “पयलं कडवं? मला कुटं येतंय बाई,” ती म्हणाली. “घरी त्ये झीलच म्हणायचे. कडव्याच्या टायमाला नुसते व्हट हलायचे त्येंचे.” खरंच की! पिरंगुटच्या कंपनीतली पाळी करून तुम्ही आलाय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलताय, मांडीवर ताल चाललाय. कडव्याची वेळ आली की तुम्ही गप्प, ओठ तेवढे हलतात, आणि झील आली की आवाज मोकळा सुटतो. मी त्या गप्प जागेत एकदा ‘लाला’ करून गेले तर तुम्ही माझं मनगट दाबलंत. “ती जागा मास्तरांची हाय. आपुन थांबायचं.” तसं थांबत थांबतच आपलं सगळं घर गाणं शिकलं. मास्तर तर तुमच्या आधीच गेले, त्यांची वही घरच्यांनी रद्दीत घातली, आणि पार्टीतलं आता कुणी उरलं नाही.

पण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. मी नववीत होते, जयंतीचा कार्यक्रम होता, विहारापुढं संध्याकाळी सगळी वस्ती जमलेली. पिरंगुटच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणी पहिल्यांदाच आल्या होत्या, अगदी पुढच्या सतरंजीवर. दुसऱ्याच गाण्याला मास्तरांचा घसा बसला. ढोलकीवाला म्हणाला, “आप्पा, तुमी म्हना की. तुमाला समदं येतंय.” तुम्ही माईक हातात घेतलात आणि आधी माझ्याकडं बघितलंत. कंपनीचा निळा शर्ट, खांद्यावर ठिगळ. मला वाटलं, ह्या आता हसणार. मी मान हलवली. नको म्हणून. जराशीच हलवली, पण तुम्हाला दिसली. तुम्ही माईक खाली ठेवलात आणि म्हणालात, “न्हाई रं, मला पाठ न्हाई.” कार्यक्रम तिथंच आटोपला. घरी येताना तुम्ही माझ्यावर रागावलासुद्धा नाहीत. उलट भेळ घेऊन दिलीत, आणि मी ती खाल्ली!

आता ते रेकॉर्डिंग असं आहे: झील, मग नुसती टिकटिक, परत झील. मधली जागा मी पुसलेली नाही, तिथं दुसरे शब्दही रचले नाहीत. आई गोधडी सारून आत येते, हेडफोन कानाला लावते, आणि झील आली की मान डोलावते. हा तुम्हाला लिहिलेला कागद मी आता घडी करून कॉम्प्युटरखाली सरकवते. मीही रोज एकदा ऐकते, आणि त्या मधल्या जागेत तुमच्यासारखे ओठ हलवून बघते. मला पाठ नाही, आप्पा. तुम्ही तेव्हा खोटं बोललात, माझं खरं आहे.