पाची बोटं घट्ट

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवतो, आईला सांगा.

तोफगोळ्यांच्या कारखान्याचे मोठे साहेब घडवायचं हे शिक्षण म्हणजे निव्वळ थेरं आहेत. गोळ्याला गोळा म्हणायचं नाही, ‘उपाय’ म्हणायचं! काल एका मऊ हातांच्या शहाण्याने तासभर हस्तांदोलन शिकवलं. म्हणे, पाची बोटं घट्ट आवळल्याशिवाय माणूस साहेब वाटत नाही. गोळे भरताना तुमची तीन बोटं उडाली, तेव्हा असला एकही साहेब दवाखान्याकडे फिरकला नव्हता.

हात अजून ठणकतो का?

निरोपाच्या दिवशी इथे प्रत्येकाच्या वडिलांचा फोटो लावणार आहेत. तुमचा एक पाठवा. काढताना उजवा हात खिशात ठेवा.

तुमचाच,
धाकटा