दाढीवाल्याची निवड

४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले आणि उत्तर आज लिहितोय. कान पकडतो. आळस नव्हता, भीती होती. कुत्रं म्हटलं की मी रस्ता बदलणारा माणूस, आणि तू मला सांगतेस की आजोबा, तुमच्या गावात एका बाईंकडे हस्की आणि पूडल यांच्या मिश्र जातीची पिल्लं आहेत, जाऊन बघून या. आधी चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. मग म्हटलं, नात पहिल्यांदाच काही काम सांगतेय, तर जायलाच हवं.

इस्त्रीवाल्याला सोबत नेलं. तो वाटभर मला हसत होता. म्हणाला, शिंपीबुवा, पिल्लू आहे, वाघ नाही. त्याला काय जातंय.

तुझी गोष्ट माझ्या नीट लक्षात आहे. तुला हस्की हवा, पण तुझ्या आईला दमा. म्हणून तुझ्या बाबांनी अट घातली की ज्याचे केस कमीत कमी गळतील असंच कुत्रं घरात येईल, नाहीतर नाही. आता केस गळतात की नाही हे चौथी शिकलेल्या माणसाने ओळखायचं कसं? रात्रंदिवस तोच घोर. शेवटी आपल्या धंद्यातली युक्ती सुचली. बँडवाल्यांचे काळे कोट मी पन्नास वर्षं शिवतोय. काळ्या सर्जच्या कापडावर एक पांढरा केस पडला तरी गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून हातभर काळी सर्ज घेऊन गेलो.

बाई चांगल्या आहेत, बोलतात फार. पिल्लांची आई पूडल, अंगभर कुरळी. बाप हस्की. पिल्लं आठ आठवड्यांची, दोन उरलीत. एक तू पत्रासोबत पाठवलेल्या फोटोतलं, निळ्या डोळ्यांचं, तोंड गुळगुळीत आणि काळं-पांढरं, जणू कुणी मापात कापून जोडलंय. दुसरं राखाडी, तोंडावर दाढी-मिशा, भुवया डोळ्यांवर आलेल्या. शाळेतून घरी पाठवलेल्या हेडमास्तरासारखं दिसतं. मी दोघांच्याही पाठीवरून सर्ज तीन-तीनदा फिरवली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचे दोन केस. दाढीवाल्याचे सहा.

तेव्हा निकाल लागला, भिंगरी. तुझंच पिल्लू पास. परतताना माझी मान अशी ताठ होती की इस्त्रीवाला म्हणाला, कॉलरला जास्त कांजी झाली वाटतं. असू दे. म्हाताऱ्याच्या हातून एक काम नीट झालं.

थंड मुलखातली जात आहे, उन्हात त्याचं कसं होईल याची आता नवी काळजी लागली आहे. ते कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
आजोबा

९ सप्टेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबा, तुम्ही म्हणजे तुम्हीच! पत्र मी तीनदा वाचलं आणि वर्गात दोघींना वाचून दाखवलं. काळी सर्ज घेऊन कुत्र्याची परीक्षा घेणारे आजोबा अख्ख्या शाळेत कुणालाच नाहीत. एक जण म्हणाली की तिच्या आजोबांना फक्त बातम्या बघता येतात.

उन्हाची काळजी करू नका. दुपारी घरात, पळणं पहाटे, पाणी भरपूर. सगळं वहीत लिहून काढलंय. हस्कीच्या अंगात पळण्याची खुमखुमी असते हे बाबांनी मला अकरा वेळा ऐकवलं. मी म्हटलं, मग तुम्ही माझं नाव भिंगरी का ठेवलं? शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला मी एक वर्ष रोज सकाळी फिरवलं, एक दिवस चुकवला नाही. बाबांची ती पहिली अट होती. तुमच्या सर्जमुळे दुसरी पण पुरी झाली. बाबा म्हणाले, तुझ्या आजोबांनी पास केलं म्हणजे माझं काही चालत नाही.

मग आईकडे गेले. मी विचारलं तर म्हणाली, तू वर्षभर उठलीस, आता मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू, आणि थोडाफार खोकला तर मला धूळ उडाली तरी येतो. म्हणजे हो-च ना?

नाव अजून ठरत नाही. तुम्ही सुचवा, पण धोंड्या वगैरे नको. इस्त्रीवाल्या काकांना सांगा, ताठ मान तुम्हाला शोभते. मला विसरू नका एवढंच मागणं.

तुमची,
भिंगरी

१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला बसून तीनदा उठलो. तुझ्या आजोबांनी चूक केली आहे. तू वर्गात वाचून दाखवलंस त्यामुळे ती आणखी मोठी वाटतेय.

झालं असं. परवा एक गिऱ्हाईक नवीन कापड घेऊन आलं. आत्ताच्या आत्ता माप घ्या म्हणालं. मी नेहमीचं सांगितलं, की आधी धुऊन आणा, कोरं कापड खोटं बोलतं, धुतल्यावर किती आटेल आणि किती रंग सोडेल ते आज कळत नाही. एवढं बोललो आणि कैची हातात तशीच राहिली. भिंगरी, आठ आठवड्यांचं पिल्लू म्हणजे कोरं कापडच की! मी त्याच्यावर सर्ज फिरवून निकाल देऊन मोकळा झालो.

तसाच उठून जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तुझ्या आईच्या वयाच्या बाई आहेत. सर्जचं ऐकून हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, बाबा, पिल्लाची ही लव कुणाचीच फारशी गळत नाही. ती काही महिन्यांत जाते आणि मग मोठेपणीचे खरे केस येतात. ते कसे येणार हे तोंडावरून बरंचसं कळतं. ज्याच्या तोंडावर पूडलसारख्या दाढी-मिशा आणि भुवया, त्याचे केस कमी गळायचे. ज्याचं तोंड हस्कीसारखं गुळगुळीत, ते वर्षातून दोनदा ओंजळी-ओंजळींनी केस टाकणार. आणि दाढीवाल्याचे सहा केस कुठून आले ते त्या पिल्लंवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तो आदल्या क्षणापर्यंत बापाच्या अंगावर लोळत होता, ते बापाचे.

म्हणजे तुझं निळ्या डोळ्यांचं पिल्लूच नापास.

आणखी ऐक. डॉक्टरबाई म्हणाल्या की अजिबात केस न गळणारं कुत्रं अजून जन्माला आलेलं नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर तिथून उठावं. शिवाय दम्याच्या माणसाला नुसत्या केसांचा नाही, कुत्र्याच्या कोंड्याचा आणि लाळेचाही त्रास होतो. म्हणून तुझ्या आईने आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि जे पिल्लू घ्यायचं त्याच्याजवळ एकदा नाही, दोन-तीनदा बसून पाहावं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. थोडाफार खोकला. तुझी आई सहा वर्षांची असताना थोडंफारच म्हणायची आणि मी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळायचो. ती माझी मुलगी आहे, मला तिचं थोडंफार चांगलं ठाऊक आहे. तू तिला नीट विचार.

रागाव हवं तर. पण पत्र टाकायचं सोडू नकोस.

तुझा चुकलेला,
आजोबा

२० सप्टेंबर

ती. आजोबांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. मी त्या बाईंनी पाठवलेला दाढीवाल्याचा फोटो बघितला. तो मला आवडला नाही.

तुम्ही खरं सांगितलंत हे बरं केलंत, असं आई म्हणते.

भिंगरी

२७ सप्टेंबर

ती. बाबांस,
लेकीचा साष्टांग नमस्कार.

भिंगरीच्या दोन ओळी वाचून तुम्हाला जेवण गेलं नसेल हे मला इथे बसून दिसतंय. म्हणून कामावरून आल्याआल्या लिहितेय. आधी जेवा, मग पुढे वाचा.

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई, थोडाफार म्हणजे किती? मी टाळायला गेले. तिने माझा दम्याचा पंप पुढे केला. महिन्याभरात हा दुसरा आहे, एवढा कुणाला लागतो, असं विचारलं. बाबा, मग मात्र मला खोटं बोलता आलं नाही. वर्षभर ती शेजारच्या कुत्र्याला फिरवून यायची, मला येऊन मिठी मारायची, आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून पंप घ्यायचे. तिचे कपडे वेगळे धुवायचे. पोरगी एवढ्या नेमाने उठतेय, तिचा हिरमोड कशाला, असं मला वाटायचं. हे तुमच्या जावयांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दोन दिवस मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

तुमची नात तिथेच खाली बसली. मग उठून म्हणाली, मला कुत्रं नको. हे रुसून नाही म्हणाली, बाबा. मी ओळखते तिचं रुसणं. वहीतली पानं काढून माझ्या हातात दिली आणि काकूंना सांगून आली की उद्यापासून फिरवायला येणार नाही. चौदा वर्षांची मुलगी. कामाच्या ठिकाणी दिसेल त्याला थांबवून सांगावंसं वाटतं की ही माझी लेक.

पण आता हट्ट माझा आहे. माझ्या डॉक्टरांशी बोलले. नवीन औषध रोजचं सुरू झालंय, ते आधीच व्हायला हवं होतं असं ओरडलेही. ते म्हणाले, खात्री कुणीच देणार नाही, पण तुमच्या वडिलांना जे सांगितलं ते बरोबर आहे, बसून बघा. म्हणून या शनिवारी आम्ही येतोय. तुमच्या दाढीवाल्याजवळ मी बसणार आहे. जमलं तर जमलं.

आणि बाबा, चूक कबूल करणारं पत्र पाठवलंत. ते नसतं तर मी गप्पच राहिले असते. प्रकृतीला जपा.

तुमची,
माई

२३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आजोबांचे शतशः आशीर्वाद.

तुम्ही दाढीवाल्याला घेऊन गेलात त्याला आज चार दिवस झाले. दुकान रिकामं लागतंय. तीन शनिवार माणसांची सवय झाली होती.

समोरासमोर मला बोलता येत नाही, फोनवर अर्धं ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहितो. पहिल्या शनिवारी त्या बाईंच्या ओसरीवर निळ्या डोळ्यांचं पिल्लू धावत आलं आणि तुझ्या पावलावर डोकं टेकून झोपलं.  तुझ्या आईने तोंड फिरवलं, मी पाहिलं.  तू वाकून त्याला उचललंस, त्याच्या कानात काहीतरी म्हणालीस आणि स्वतःच्या हातांनी बाईंना परत दिलंस. तिथून नळावर गेलीस, कोपरापर्यंत हात धुतलेस, पिशवीतला दुसरा सदरा घातलास आणि मगच आईजवळ बसलीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी नाक पुसायचं निमित्त करून इस्त्रीवाल्याकडे पाठ केली. तो म्हणाला, शिंपीबुवा, आता मान ताठ करा, आता हरकत नाही.

मग तो हेडमास्तर तुझ्या आईच्या मांडीवर दोन तास लोळला, आणि त्याची आधीच्या वेळची, मोठेपणीचे केस आलेली वर्षाची दाढीवाली बहीण पायाशी, म्हणजे पुढच्या केसांचीही परीक्षा. आई सारखी ती श्वासाचा जोर मोजायची नळी फुंकत होती आणि तू आकडा लिहीत होतीस. तीनही शनिवारी आकडा घसरला नाही. तिसऱ्या वेळी तुझी आई हसली तेव्हा मला ती सहा वर्षांची दिसली. तिच्या लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन पळण्यापलीकडे काही करू शकलो नव्हतो. तू केलंस.

आता काळजीचं. ओसरी वेगळी आणि बंद घर वेगळं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिला महिना बघावा लागेल. त्याला आईच्या खोलीत जाऊ देऊ नका, अंथरुणावर तर नाहीच. रोज विंचरा, पण आईने नाही, तू, आणि तेही बाहेर. एवढं करूनही तिला त्रास झाला तर लपवायचं नाही. तिने नाही आणि तूही नाही. त्या दिवशी रडत बसू नकोस. त्याला माझ्याकडे आणून सोड. कापायच्या मेजाखालची जागा मी मोकळी केली आहे. काळ्या कोटांचं माझं मी बघून घेईन. रस्ता बदलणारा माणूस पहाटे त्याला फिरवेल, हळूहळू का होईना, आणि तू सुट्टीत येशील. तेव्हा तो कुठेही राहिला तरी तुझाच.

इस्त्रीवाल्याला हे सांगितलं तर तो हसला नाही, म्हणून मला वाटतं की मी बरोबर बोललो असेन.

आईची तब्येत कशी आहे तेवढं लगेच लिही. चांगली असेल तर चांगली लिही, नसेल तर नाही म्हणून लिही, पण खरं लिही. टपालवाला अकराला येतो आणि मी साडेदहापासून दारात उभा असतो. लवकर पत्र टाक.

तुझा,
आजोबा